१४२८५७ मध्ये चमत्कार नाही, भागाकार आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत १४२८५७ या संख्येला ‘दैवी संख्या’ म्हणून चौकट दिलीत, व्हॉट्सअ‍ॅपवर तर हे कधीपासून फिरतंय, पण छापताना निदान कारण तरी द्यायचं होतं राव. २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. ६ पर्यंत तेच सहा आकडे, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात बदलते, आणि ७ ने गुणलं की ९९९९९९. इथवर तुमचं बरोबर. पुढे ‘याचं उत्तर विज्ञानाकडे नाही’ असं जे लिहिलंय ना, ते वाचून डोक्याला हात लावला.

उत्तर चौथी-पाचवीच्या भागाकारात आहे हो! १ ला ७ ने भागायला घ्या. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. शून्य घेतलं, ३० मध्ये चारदा, बाकी २. मग २० मध्ये दोनदा, बाकी ६, असं करत बाकी येते ३, २, ६, ४, ५ आणि परत १, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू. भागाकार होतो ०.१४२८५७१४२८५७... आता २ ला ७ ने भागा, म्हणजे १/७ ची दुप्पट, बाकी २ वाल्या पायरीपासून सुरुवात होते एवढंच, चक्र तेच. सर्क्युलर बससारखं आहे, कुठूनही चढा, स्टॉप त्याच क्रमाने येणार. ७ ने भागून शून्य सोडून बाकी सहाच प्रकारची उरू शकते आणि इथे सहाच्या सहा येऊन जातात, म्हणून हे जमतं. १३ ला नाही जमत, तिथे दोन वेगळी चक्रं पडतात. १७ ला मात्र जमतं, ०५८८२३५२९४११७६४७, ही सोळा आकडी संख्या (पुढचं शून्य धरून) १ ते १६ कशानेही गुणून बघा, कॅल्क्युलेटर हात टेकेल म्हणून कागदावरच करा.

आणि चौकटीत जागा होतीच तर आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांचं नाव घालायचं! शाळामास्तर माणूस, ६१७४ मुळे जगभर नाव झालं (कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त सगळे आकडे सारखे नकोत, आकडे उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली वजा करत राहा, शेवटी ६१७४ च येते), १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं. १४२८५७ ही कापरेकर संख्यासुद्धा आहे. वर्ग करा, २०४०८१२२४४९, त्याचे दोन तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज केली की परत १४२८५७. दैवी म्हणून हात जोडून बसलं की असलं काही शोधायचं सुचतच नाही.

खरं न सुटलेलं कोडं हवंच असेल तर ते छापा की. ७, १७, १९, २३ अशा पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या कधी संपतच नाहीत, असा अंदाज एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडलेल्या अनुमानातून निघतो, आणि त्याची पक्की सिद्धता अजून कोणाला देता आलेली नाही.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक रोड