बदली सायलेन्सरला मान्यतेचा शिक्का द्या: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय: मोटारींच्या बदली एक्झॉस्टला टाइप अप्रूव्हल (चाचणी करून नमुन्याला दिलेली मान्यता) आणि चालत्या गाड्यांचा आवाज मोजण्याची सोय

सप्रेम नमस्कार.

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीत मांडायचे आणि त्यांवरून रोडरोलर फिरवायचा, हे दृश्य महाराष्ट्रातल्या शहरांत आता नेहमीचं झालं आहे. त्यातले बहुतेक बुलेटचे असतात. आत ना जाळी ना आवाज शोषणारी लोकर, नुसती पोकळ नळी. ते चिरडले जातात याचं आम्हाला जराही वाईट वाटत नाही. आम्ही मोटारींच्या एक्झॉस्टचं काम करणारे फिटर आणि वेल्डर आहोत. आमचं म्हणणं वेगळं आहे. नीट बनवलेला, चाचणी झालेला बदली सायलेन्सर आणि ही पोकळ नळी यांत फरक करायची कुठलीच सोय आपल्या नियमांत नाही. त्यामुळे चांगलं काम करणारा आणि वाट्टेल ते जोडून देणारा, दोघे एकाच मापाने मोजले जातात, आणि वाट्टेल ते जोडून देणाऱ्याचं काम स्वस्त पडतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवा आणि त्याने आवाज शक्य तितका कमी करायला हवा. चालकासकट ९ आसनांपर्यंतच्या मोटारीला १ एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मर्यादा उत्पादनाच्या टप्प्यावरची आहे. ती तपासायची पद्धत अशी: गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने २० मीटरच्या पट्ट्यात आणायची, तिथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आणि गाडीच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर ठेवलेल्या मायक्रोफोनने सर्वाधिक आवाज टिपायचा. त्यासाठी मोकळं मैदान लागतं. आजूबाजूचा आवाज मोजायच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबलने कमी असावा लागतो. चौकात उभ्या गाडीवर ही चाचणी होऊच शकत नाही.

मग होतं काय, की हातातला मीटर टेलपाइपजवळ धरला जातो, काटा ९० च्या वर जातो आणि ७४ च्या मर्यादेशी त्याची तुलना होते. पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर आणि गाडीपासून साडेसात मीटर, या दोन अंतरांत १५ पटींचा फरक आहे. मोकळ्या जागेत तेवढ्यानेच आकडा सुमारे २३ डेसिबलने बदलतो. कंपनीतून आली तशीच असलेली, हातही न लावलेली मोटार या पद्धतीत नापास होऊ शकते. आणि मीटर नसेल तर निकाल कानावर लागतो.

उभ्या गाडीचा आवाज मोजायची रीतसर पद्धत जगात आहे. मायक्रोफोन पाइपच्या तोंडापासून ५० सेंटिमीटरवर, तोंडाच्याच उंचीवर पण जमिनीपासून किमान २० सेंटिमीटर वर, वायूच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून धरायचा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची. इंजिनाची कमाल शक्ती ५००० आरपीएमपर्यंत (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे) मिळत असेल तर त्या आरपीएमच्या ७५ टक्के, ५००० ते ७५०० च्या मध्ये मिळत असेल तर ३७५०, आणि ७५०० वा त्याहून वर मिळत असेल तर ५० टक्क्यांवर इंजिन स्थिर धरायचं, मग ॲक्सिलरेटर सोडायचा आणि सर्वाधिक आकडा लिहून घ्यायचा. युरोपात या चाचणीचा आकडा गाडीच्या कागदपत्रांतच छापलेला असतो. तपासणारा अधिकारी तो आकडा आणि मीटरवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघतो. ही चाचणी पीयूसी केंद्रातही दहा मिनिटांत होईल. आज पीयूसीमध्ये पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. आवाजाचा रकानाच नाही.

आता कामाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चांगल्या आणि वाईट कामातला फरक तिथेच दिसतो.

उदाहरण २०१६ मध्ये भारतात आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीचं घेऊ. ५ लिटरचं व्ही८ इंजिन, दोन बाजूंना दोन पाइप, मागे दोन सायलेन्सर. मालकाला कॅटच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलायचा असतो, म्हणजे उत्सर्जनाच्या बाजूला हात न लावता फक्त पाइप आणि सायलेन्सर. याला कॅटबॅक म्हणतात. गाडी पूर्ण थंड झाल्यावर लिफ्टवर घ्यायची. आदल्या रात्रीच सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, नाहीतर स्टड तुटतो आणि अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं. हँगरचे रबर कापायचे नाहीत, साबणाचं पाणी लावून सरकवायचे. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढावा लागला तर २२ चा खास सॉकेट वापरायचा आणि वायरला पीळ पडू द्यायचा नाही. परत बसवताना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) फक्त आट्यांवर लावायचं, टोकावर गेलं तर सेन्सर मेला. जॉइंटला साधं सिलिकॉन फासणाऱ्या फिटरच्या हातात गाडी देऊ नये. त्याची वाफही सेन्सर खराब करते.

नवे पाइप पुढून मागे असे सैलच जोडत जायचे. मग दोन्ही टोकं बंपरच्या खाचेत मध्यावर आणायची, आणि सगळं जागच्या जागी बसलं की पुन्हा पुढून मागे क्लॅम्प आवळत यायचं. ब्रेक आणि इंधनाच्या नळ्यांपासून २५ मिलिमीटर अंतर ठेवायचं, जमत नसेल तर मध्ये हीट शील्ड द्यायची. बंपरच्या प्लॅस्टिकपासूनही तेवढंच.

हे अंतर का, तर स्टीलची वाढ. ३०४ स्टेनलेसचा ३ मीटर पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे १५ मिलिमीटर लांब होतो. ४०९ जातीच्या स्टेनलेसचा १० मिलिमीटरच्या आसपास. रबरी हँगर आणि लवचीक जोड ही वाढ झेलतात. ज्याने रबर काढून पाइप थेट चासीला वेल्ड केला, त्याच्या गाडीत काही महिन्यांत वेल्डच्या कडेला केसासारखी भेग दिसते आणि एक दिवस सायलेन्सर रस्त्यावर लोंबतो. मागून दुचाकीवाला येत असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

वेल्डिंगचंही तसंच. ३०४ ला टिग वेल्डिंग, ३०८एल रॉड, आणि पाइपच्या आतूनही आर्गन सोडायचा. आतून गॅस दिला नाही तर बाहेरून सांधा छान दिसतो, पण आतल्या बाजूला काळे, साखरेसारखे दाणे धरतात. गंज आणि भेग दोन्ही तिथूनच सुरू होतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. गाडीखाली फक्त टाके मारायचे, पूर्ण वेल्डिंग पाइप खाली काढून टेबलावर करायचं, कारण मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे. टाके मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावायचा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून आणि इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढतो.

सगळं झाल्यावर इंजिन थंड असतानाच सुरू करून प्रत्येक सांध्याजवळ हात फिरवायचा. फुसफुस लागली तर पुन्हा उघडायचं. सेन्सरच्या पुढचा सांधा गळत असेल तर दोन स्फोटांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, कॅट तापतो. शंभर किलोमीटर चालवून आल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासायचे. हा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो.

मग आवाज. जाड पाइप म्हणजे जास्त ताकद हा समज चुकीचा आहे. कॅटबॅकने, ईसीयूला हात न लावता, हाती लागणारी ताकद किरकोळच असते. लोक बदल करतात ते आवाजाच्या पोतासाठी, आणि पोत सुधारताना पातळी वाढवलीच पाहिजे असं नाही. व्ही८ इंजिनात २००० आरपीएमला सेकंदाला १३३ स्फोट होतात. एक्स्प्रेसवेवर स्थिर वेगाने जाताना नेमका हा घुमारा केबिनमध्ये भरतो आणि डोकं दुखतं. चांगला कारागीर याच्यावर एका टोकाला बंद असलेली बाजूची नळी जोडतो. तिची लांबी त्या लहरीच्या पाव भागाएवढी लागते. ३०० अंश तापलेल्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो, म्हणजे १३३ हर्ट्झसाठी नळी ९० सेंटिमीटर. लहर आत जाऊन परत येते ती बरोबर उलटी होऊन, आणि घुमारा मरतो. आमच्या धंद्यातलं हे खरं कसब आहे, आणि ते शांत करण्याचं कसब आहे. त्याला आज कायद्यात जागा नाही.

एका बाबतीत मात्र आम्हाला कसलीच सवलत नको. कॅट काढणं. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियममुळे काढलेल्या कॅटला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून काही जण मालकाला 'गाडी मोकळी होईल' असं सांगून तो उतरवतात आणि मागचा सेन्सर फसवायला मध्ये एक तुकडा बसवतात, म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागत नाही. तसंच ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजवणारं ट्यूनिंग. त्यात इग्निशन उशिरा करून पेट्रोल मुद्दाम पाइपमध्ये जाळलं जातं आणि कॅटची मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते. या दोन्हींवर जितकी कडक कारवाई होईल तितकी व्हावी. ती करणाऱ्या गॅरेजवरही व्हावी.

कायद्यात वाट आहे, हे आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती मनाई ठामपणे सांगितली. पण २०१९ च्याच दुरुस्तीने याच कलमात केंद्र सरकारवर जबाबदारी टाकली की बदल आणि रेट्रोफिटसाठी (नंतर बसवायच्या भागांसाठी) मानकं आणि मान्यतेच्या अटी ठरवाव्यात, आणि अशा बदलाने कंपनीची वॉरंटीही जाऊ नये. कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. शिक्षा लिहून झाली आहे. सायलेन्सरसाठी कायदेशीर बदल कसा करायचा, तेवढं लिहायचं राहिलं आहे.

सीएनजीच्या बाबतीत आपण हे करून दाखवलं आहे. किट त्या त्या गाडीसाठी एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेकडून मान्य होतं, अधिकृत फिटर ते बसवतो, आरटीओ आरसीवर नोंद करतो, टाकीची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी होते. उच्च दाबाचा गॅस डिकीत घेऊन फिरण्याची रीत लावता आली, तर सायलेन्सरची लावणं अवघड नाही. संयुक्त राष्ट्रांचा ५९ क्रमांकाचा नियम खास बदली सायलेन्सरसाठी आहे. त्यात काचेची लोकर भरलेला सायलेन्सर १०,००० किलोमीटर चालवून किंवा तितका झिजवून मगच मोजायची तरतूद आहे, कारण नवा असताना तो शांत असतो आणि लोकर उडाल्यावर बोंबलतो. आपल्या मानकात ही तरतूद नक्की घ्या. आपल्या रस्त्यांवर लोकर लवकर उडते.

मागणी एवढीच. बदली सायलेन्सरला गाडीच्या मॉडेलनुसार टाइप अप्रूव्हल द्या. चाचणीची सोय पुण्यात एआरएआयकडे आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे, वेगळी प्रयोगशाळा उभारायला नको. प्रत्येक मॉडेलचा उभ्या गाडीचा आकडा आणि आरपीएम 'वाहन' पोर्टलवर टाका, म्हणजे नंबर टाकला की हवालदाराला तो मोबाइलवर दिसेल. पीयूसी केंद्रांना मीटर आणि तो रोज तपासायला ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर द्या. मान्यता नसलेला सायलेन्सर दुकानात टांगून विकणाऱ्याला दंड करा. आज दंड फक्त तो घेणाऱ्या पोराला होतो.

आणि मान्यतेची खूण चिकटवायची नको. स्टिकर पहिल्याच दिवशी जळून जातो. ती सायलेन्सरच्या पत्र्यातच ठोकलेली असावी, मान्यता क्रमांक आणि मॉडेल किमान ५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, मागच्या बाजूला, गाडी न उचलता बंपरखाली टॉर्च मारून वाचता येईल अशा जागी.

आपले,
मोटारींच्या एक्झॉस्टचं काम करणारे काही फिटर आणि वेल्डर, पुणे