वाफसा, कंत्राट आणि चाळीस प्रश्न

वेलिंग्टन, न्यूझीलंड,
14 जून

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आप्पांनी विचारलं, "दोन वर्षं झाली तिथं राहतेस, दुकानात बोलतेस, पोराच्या शाळेत बोलतेस, मग परीक्षेतच इंग्रजी का अडतं?" मला तेव्हा धड सांगता आलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आज हे रात्रपाळीला गेलेत, पोरगं झोपलंय, बाहेर वारा खिडक्या खडखडवतोय, तेव्हा बसून लिहिते. पत्र दादाच्या थोरलीलाही वाचायला द्या. बारावीनंतर तिलाही हीच परीक्षा द्यायची आहे असं वहिनी म्हणत होत्या.

आधी परीक्षा कशी असते ते सांगते. लहान मुलांना शिकवायचा इथला अभ्यासक्रम करायचा तर माझं मराठीतलं डी.एड. पुरत नाही, आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिच्यातला वाचनाचा पेपर एक तासाचा. तीन लांब उतारे, तिन्ही मिळून 2,150 ते 2,750 शब्द, आणि त्यांवर 40 प्रश्न. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, त्याच तासात सगळं. मला सात बँड हवेत (बँड म्हणजे तिथली श्रेणी), म्हणजे चाळिसातले साधारण तीस बरोबर यायला हवेत. पहिल्या खेपेला साडेपाच पडले. तुम्हाला तेव्हा नुसतं "झाली नाही" एवढंच सांगितलं होतं. आई, त्या रात्री मी खूप रडले.

त्यानंतर मी काय केलं, तर शाळेत करायचो तेच. वहीला मधून रेघ मारली, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज तीस. अवघडातले अवघड शब्द शोधून पाठ केले. दीड महिन्यात हजारावर शब्द झाले. वही उघडली की सगळे ओळखीचे वाटायचे, उताऱ्यात समोर आले की अनोळखी. आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे उताऱ्यात आलेच नाहीत.

अडत होतं ते दुसरीकडेच. हे मला एका शब्दानं शिकवलं, तो शब्द तुम्हालाही ठाऊक आहे.

सरावाच्या पेपरात चिकण मातीवर बांधलेल्या घरांबद्दल उतारा होता. त्यात मॉन्टमोरिलोनाइट असं एक भलंमोठं नाव आलं. तेही पाठ करावं लागणार या धसक्यानं मी खाली पाहिलं, तर तळटिपेत त्याचा अर्थ दिलेला: पाणी शोषून फुगणारं खनिज. परीक्षेतही असंच असतं, फार तांत्रिक शब्द आला तर त्याचा अर्थ सोबत देतात. पुढचं वाक्य साधं होतं. पावसात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात 'कॉन्ट्रॅक्ट' होते. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे कंत्राट, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. रस्त्याचं कंत्राट, तळ्याचं कंत्राट. मातीचं कसलं कंत्राट? मी ते वाक्य चार वेळा वाचलं. पाच-सहा मिनिटं तिथंच गेली.

आणि मग एकदम वस्तीमागचं काळं रान डोळ्यांपुढं आलं. एप्रिलमधलं. आप्पांची काठी निम्मी आत जाईल एवढ्या भेगा. मी सहा-सात वर्षांची असताना माझं चार आण्याचं नाणं असल्याच एका भेगेत पडलं होतं. मी हात घालायला गेले तर आईनं ओढून बाजूला केलं, आत विंचू असेल म्हणून. मग पाऊस झाला, भेग मिटली, आणि नाणं कायमचं जमिनीच्या पोटात गेलं. उन्हात रान आक्रसतं. त्या वाक्यातलं 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे आक्रसणं. आपल्या काळ्या मातीतही तेच खनिज असतं, म्हणूनच तिला भेगा पडतात. उताऱ्यातली माती आमच्याच रानातली निघाली, आणि मी तिला कंत्राटदाराच्या दारात शोधत होते.

तेव्हापासून माझ्या लक्षात आलं की घात होतो तो मधल्या शब्दांनी. अगदी सोपे शब्द येत असतात, अगदी अवघडांचा अर्थ दिलेला असतो किंवा मजकुरातच उलगडतो. मधले मात्र आपल्याला येतात असं आपण धरून चालतो. 'व्हॉल्यूम' म्हणजे टीव्हीचा आवाज, पण उताऱ्यात तो असतो आकारमान, नाहीतर ग्रंथाचा खंड. 'इश्यू' म्हणजे भांडणाचा मुद्दा, पण तो मासिकाचा अंकही असतो. असे शब्द कुणी समजावून सांगत नाही.

यांची एक यादीच आहे, आणि ती याच गावात तयार झालीय हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. बाजारातल्या 'लॅम्बटन की' नावाच्या रस्त्यावरून केबल कार सुटते, ती डोंगर चढून केलबर्नला जाते, तिथं वर विद्यापीठ आहे. तिथल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांमधल्या 28 विषयांचा 35 लाख शब्दांचा मजकूर जमवला, आणि सगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द वेचून काढले. 2000 साली यादी छापली. नेहमीच्या वापरातले दोनेक हजार शब्द त्यांनी आधीच बाजूला ठेवले होते. ते शब्द मायकेल वेस्ट यांच्या 1953 च्या यादीतले. हे वेस्ट इंग्रजांच्या काळात ढाक्याला होते, बंगाली पोरांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं यावर त्यांनी तिथं काम केलं होतं. म्हणजे या विद्येची एक मुळी आपल्या बाजूच्या शाळांतूनही गेली आहे.

कॉक्सहेडबाईंच्या यादीत 570 कुळं आहेत. कुळं अशासाठी म्हणते की एका मुळापासून निघालेले सगळे शब्द एका घरात धरलेत, जसं आपल्याकडं करणे, करणी, करवणे, करणारा. अभ्यासाच्या मजकुरात शंभर शब्दांमागं दहाएक शब्द या यादीतले असतात. कथा-कादंबरीत मात्र शंभरात दीडसुद्धा नसतात. आप्पा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. 'असेस', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट' हे शब्द मला दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकापाशी भेटतच नाहीत. दोन काय, दहा वर्षं राहिले असते तरी भेटले नसते. ते पुस्तकात राहतात, त्यांना भेटायला पुस्तकातच जावं लागतं.

म्हणून मी वही बदलली. आता एकटा शब्द लिहीत नाही, अख्खं वाक्य लिहिते, आणि त्याच्याखाली तोच शब्द घालून आपल्या घरचं एक वाक्य. दिवसाला फक्त आठ. शब्द कुणाबरोबर येतो तेही लिहिते, कारण शब्दांनाही सोबती असतात. आपण ऊस तोडतो, ज्वारी काढतो, भुईमूग उपटतो, कापूस वेचतो. कुणी "कापूस उपटला" म्हणालं तर ते आपल्याला लगेच खटकतं. इंग्रजीत या सगळ्याला 'हार्वेस्ट' हा एकच शब्द चालतो, पण तिथं दुसऱ्या ठिकाणी असल्या जोड्या असतात. संशोधन 'कंडक्ट' करतात, धोका 'पोज' करतात.

आणि कधीकधी अशी गंमत होते की मला उठून कुणालातरी सांगावंसं वाटतं. 'ड्रॉ' शब्द घ्या. 'ड्रॉ अ पिक्चर' म्हणजे चित्र काढणे. 'ड्रॉ वॉटर' म्हणजे विहिरीचं पाणी काढणे. 'ड्रॉ अ कन्क्लूजन' म्हणजे निष्कर्ष काढणे. तिन्हीकडं काढणेच! त्या रात्री हे घरी आल्याबरोबर मी यांना हेच सांगितलं, जेवायला वाढायचंही राहून गेलं.

आता दादाच्या थोरलीसाठी एक गोष्ट, माझे सगळ्यात जास्त गुण तिथं गेले म्हणून. एका प्रकारच्या प्रश्नांत विधान देतात आणि विचारतात: बरोबर, चूक, की उताऱ्यात दिलेलंच नाही? समज, उताऱ्यात लिहिलंय, "बार्शीच्या अडतीवर आज तुरीला चांगला भाव निघाला." विधान आहे, "कालचा भाव कमी होता." आपण म्हणू, बरोबर, नाहीतर चांगला कशाला म्हटलं असतं? पण कालचं तिथं काहीच लिहिलेलं नाही. उत्तर, 'दिलेलं नाही'. त्या मातीच्या उताऱ्यावर एक विधान होतं, अशी जमीन सुपीक असते. मी डोळे झाकून 'बरोबर' लिहिलं, कारण मला घरून ठाऊक होतं. उताऱ्यात सुपीकतेबद्दल अक्षर नव्हतं. घरची माहिती शब्द समजायला उपयोगी पडते, उत्तर द्यायला नाही. पोरी, हे नीट लक्षात ठेव.

असल्या प्रश्नांत छोट्या शब्दांवर सगळं फिरतं. 'ओन्ली' दिसलं की मी पेन्सिलीनं वर 'च' लिहिते. "पाण्यामुळे" आणि "पाण्यामुळेच" यांत केवढा फरक आहे हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, तो एक 'च' कानातच बसलेला आहे. तसंच 'मे', 'टेंड टू', 'अपिअर टू'. या शब्दांवरून मी पूर्वी उडी मारून पुढं जायचे. आप्पा, तुम्ही आभाळाकडं बघून कधीच "पाऊस येणार" म्हणत नाही. "येईलसं दिसतंय" म्हणता, "सहसा या वाऱ्याला येतो" म्हणता. इथले शास्त्रज्ञ तसंच लिहितात. जेवढं पाहिलं तेवढंच बोलतात, पुढचा शब्द राखून ठेवतात. हे उमगल्यापासून त्यांची वाक्यं मला तुमच्या आवाजात ऐकू येतात आणि चुका कमी होतात.

पाठ शब्द विसरू नयेत म्हणून आईनं दिलेल्या जुन्या मिसळणाच्या डब्याचा उपयोग करते. (आई, नवा डबा स्वयंपाकातच आहे, काळजी नको.) वाट्यांत चिठ्ठ्या ठेवल्यात. पहिल्या वाटीतल्या रोज बघायच्या, दुसरीतल्या दोन दिवसांनी, तिसरीतल्या आठवड्यानं, चौथीतल्या महिन्यानं. आठवला तर चिठ्ठी पुढच्या वाटीत, नाही आठवला तर परत पहिलीत. 'कॉन्ट्रॅक्ट' आता चौथीत आहे. 'हेन्स' (म्हणजे 'म्हणून') मात्र तीनदा परत आला.

आणखी एक सांगायचंच आहे. इथल्या ग्रंथालयातल्या बाई मला दर आठवड्याला विज्ञानाचं एक मासिक काढून ठेवतात. मागच्या मंगळवारी त्यात जमिनीतल्या ओलाव्यावर लेख होता. त्यात लिहिलेलं मी वहीत उतरवलंय: जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवसांनी जास्तीचं पाणी खाली निचरून जातं, मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत पाणी टिकून राहतं, आणि मुळांना दोन्ही मिळतं. चार ओळी लागल्या त्यांना. त्याला ते 'फील्ड कपॅसिटी' म्हणतात. मी ओळीवर बोट ठेवून वाचत होते आणि मनात एकच शब्द आला, वाफसा. मूठभर माती उचलून तुम्ही दाबता, गोळा होतो, मग अंगठ्यानं टिचकी मारता आणि तो फुटतो. मग म्हणता, "आला वाफसा, घ्या पेरायला." त्या पानावरचा एकही शब्द मी शब्दकोशात पाहिला नाही. पहिल्यांदा असं झालं, की इंग्रजीचं पान मी अर्थ लावत न बसता वाचलं.

त्या बाईंना मी वाफसा म्हणजे काय ते हातांनी करून दाखवलं. त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि त्यांच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवला.

परीक्षा 4 जुलैला आहे. सरावात परवा एकोणतीस आले, त्याआधी सत्तावीस. आईनं देवापुढं दिवा लावावा, पण उपास करू नये, तिची साखर वर-खाली होते. थोरलीला सांगा, वही पाठवायची तर वाक्यांची पाठव, नुसत्या शब्दांची नको. मी तपासून देईन.

मृगाचा पाऊस झाल्याचं दादानं कळवलं. उडीद आधी पेरणार की तूर? वाफसा आला की मला त्याच दिवशी कळवा. तुमच्याकडं सकाळचे सहा वाजतात तेव्हा इथं दुपारचे साडेबारा असतात, मी घरीच असते.

तुमची लेक