कालव्याकाठी भेटलेल्या त्या दोघांचे मनःपूर्वक आभार

गेल्या शनिवारी साताऱ्याहून आलेल्या बाबांना घेऊन मी न्यू जर्सीतील डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठच्या वाटेने लॅम्बर्टव्हिलहून बुल्स आयलंडपर्यंत सायकलने गेलो. १८३४ मध्ये सुरू झालेला हा कालवा १९३२ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला. तरीही त्याचे पाणी आजही वापरात आहे, याचे पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या बाबांना फार अप्रूप वाटले. बुल्स आयलंडजवळच्या १९४७ सालच्या झुलत्या पादचारी पुलावरून ते पेनसिल्व्हेनियाच्या काठापर्यंत चालत जाऊन आले.

परतताना एका अणकुचीदार दगडाने बाबांच्या सायकलचा टायर कडेला फाटला. माझ्याकडे ट्यूब होती; पण फाटलेल्या जागेतून ती फुगून बाहेर येऊ लागली. ऊन चढले होते, पाणी संपले होते आणि बाबा थकून खाली बसले होते. तेवढ्यात मागून आलेले एक वयस्कर दांपत्य, आम्ही हाक मारण्याआधीच, थांबले. त्या गृहस्थांनी खिशातून एक डॉलरची नोट काढली, तिची घडी टायरच्या आतून फाटलेल्या जागी बसवली आणि हवा बेताने भरली. तोवर त्यांच्या पत्नी बाबांशेजारी जमिनीवर बसून त्यांना संत्र्याच्या फोडी सोलून देत होत्या. बाबांना त्यांचे इंग्रजी नीट कळत नव्हते, म्हणून त्या फारसे न बोलता नुसत्या सोबत बसून राहिल्या. ते मी विसरणार नाही.

नंतर ते दोघे लॅम्बर्टव्हिलपर्यंत आमच्या मागे सावकाश सायकल चालवत आले. नावे विचारायचे राहून गेले. ती नोट बाबांनी जपून सोबत नेली आहे. आपणा दोघांचे आम्ही दोघे अतिशय ऋणी आहोत.