ताटातला घास आणि मोतीचं भांडं

प्रिय सई,

मोतीचे फोटो येतात त्यांतल्या बऱ्याच फोटोंत तू जेवायला बसलेली असतेस आणि त्याची हनुवटी तुझ्या गुडघ्यावर टेकलेली असते. डोळे वर, ओठाच्या कडेला लाळेचा धागा. हात ताटाकडे जाणारच. आपलं अन्न कुत्र्याला द्यायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. द्यावं, पण ताटातून नव्हे. त्याच्या भांड्यात, मोजून, आणि तुझं जेवण उरकल्यावर.

ताटातून का नको, ते आधी सांगते. रोज दिलेल्या घासापेक्षा कधीतरी दिलेला घास जास्त महागात पडतो. नऊ वेळा नाही मिळालं आणि दहाव्यांदा मिळालं, तर कुत्रा इतकंच शिकतो की आणखी थोडं थांबलं, आणखी थोडं भुंकलं की मिळतं. म्हणून बंद करायचं तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बंद करा. पहिले काही दिवस त्याचा हट्ट वाढेल. आधी नुसता बघणारा मोती पंजा मारेल, कण्हेल, भुंकेल. नेमकं तेव्हाच कुणाला तरी दया येते आणि भुंकण्याला बक्षीस मिळतं. त्या दिवसांत त्याच्याकडे बघायचं नाही, रागवायचंही नाही. रागावणं म्हणजेही त्याच्या लेखी लक्ष मिळणंच.

पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, त्या वेळी त्यानं काय करायचं तेही शिकवावं लागतं. टेबलापासून दोनेक मीटरवर, तू दिसशील अशा जागी एक चटई टाक. सुरुवात जेवणाच्या वेळी करू नकोस. तो चटईवर आला की त्याच्या रोजच्या खाद्यातला एक दाणा पुढच्या दोन पंजांच्या मध्ये ठेव. हातातून भरवू नकोस, नाहीतर त्याचं लक्ष चटईऐवजी हातावर राहतं. तो खाली बसला, आडवा झाला की आणखी एक. दोन दाण्यांमधला वेळ पाच सेकंदांवरून दहा, मग तीस, मग दोन मिनिटं असा वाढव. हे जमलं की रिकामं ताट घेऊन खुर्चीवर बस, आणि तेही जमल्यावर खरं जेवण. मध्येच उठला तर न बोलता परत चटईवर ने आणि पुढचा वेळ थोडा कमी कर. वेळ फार घाईनं वाढवला की तो उठतो, बहुतेकांचं तिथेच बिनसतं. जेवण झालं की ठरलेला एकच शब्द उच्चारून त्याला मोकळा सोड.

आता हिशेब. मोती दहा किलोचा, नसबंदी झालेला, पूर्ण वाढलेला. अशा कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ६५० कॅलरी लागतात. वरचं खाणं त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे ६० कॅलरी, आणि बिस्किटंही त्यातच धरायची. एक उकडलेलं अंडं ७० च्या आसपास जातं. चीजचा ३० ग्रॅमचा तुकडा १२० च्या घरात, म्हणजे एका घासात दोन दिवसांचा वाटा संपला. उकडलेलं गाजर मात्र १०० ग्रॅम दिलंस तरी ४० कॅलरी होत नाहीत. जेवढं वरून दिलंस तेवढे दाणे कमी कर. कोरड्या खाद्यात ग्रॅमला साधारण साडेतीन कॅलरी असतात, म्हणजे ६० कॅलरींसाठी १७ ग्रॅम. पाकिटावरचा आकडा बघून घे आणि वाटीनं मोजू नकोस, काट्यावर घे. बरगड्यांवरून हात फिरवून बघत जा. तळहात पालथा करून त्यावर दुसऱ्या हाताची बोटं फिरवल्यावर जशी हाडं लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. तळव्याच्या मऊ भागासारखं लागलं तर तो जाड झालाय.

द्यायचं ते शिजवतानाच बाजूला काढ. पाण्यात उकडलेलं, हाड आणि कातडं काढलेलं चिकन, साधा भात, भोपळा, घेवड्याच्या शेंगा, काकडी, बिया काढलेलं सफरचंद. मीठ, तेल, मसाला काही नको. नवीन पदार्थ एका वेळी एकच, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि दोन-तीन दिवस शी बघून मगच पुढचा.

सगळ्यात जास्त फसवतो तो कांदा. तो उचलून कुणी कुत्र्याला देत नाही, पण सूपमध्ये, सॉसमध्ये, उरलेल्या भाजीत तो विरघळलेला असतो. शिजवला, वाळवला, पूड केली तरी त्याचा दोष जात नाही. त्यानं तांबड्या रक्तपेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे मोतीला एका वेळी ५० ग्रॅम कांदा धोक्याचा, आणि रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत जातं. लसूण त्याहून तीव्र. त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, तो धापा टाकतो, आणि तोवर काय खाल्लं होतं ते आपण विसरलेलो असतो.

द्राक्षं, मनुका, बेदाणे एकही नको. किती खाल्ल्यावर मूत्रपिंड निकामी होईल याचा अंदाजच बांधता येत नाही. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालायचा एक गोड पदार्थ, असतं. किलोमागे ०.१ ग्रॅमनंही रक्तातली साखर कोसळते, कधी अर्ध्या तासात. मिल्क चॉकलेट १०० ग्रॅमच्या आसपास गेलं तर मोतीला त्रास सुरू होऊ शकतो, बेकिंगचं बिनसाखरेचं मात्र १५ ग्रॅमही पुरे. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात. मांसाची चरबी आणि तळणीचं उरलेलं तेल यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वारंवार उलट्या, आणि पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरून उभं राहणं ही त्याची खूण.

यातलं काही पोटात गेलंच तर लक्षणांची वाट बघू नकोस. डॉक्टरांना लगेच फोन करून चार गोष्टी सांग: काय, किती, किती वाजता, आणि मोतीचं वजन. वेष्टन जपून ठेव. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नकोस, मिठाचीच विषबाधा होते.

पाहुण्यांचं काय, हा प्रश्न उरतो. त्यांना 'देऊ नका' म्हणून ते ऐकत नाहीत. सकाळीच त्याच्या खाद्यातले वीस दाणे एका डबीत काढून ती टेबलावर ठेव. ज्याला द्यावंसं वाटेल त्यानं डबीतला दाणा चटईवर टाकायचा. संध्याकाळी उरलेले दाणे त्याच्या भांड्यात.

तुझी,
आई