कढीपत्ता थंडीने नाही, पाण्याने मेला

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी लोकांच्या बागांवर लेख आला होता तो वाचला. फोटो झकास होते, पण कॅलिफोर्नियात बर्फ पडत नाही, हवा आपल्या पुण्यासारखीच, त्यामुळे आंबा केळी कढीपत्ता सगळं अंगणात आरामात येतं असं काहीसं त्यात लिहिलं होतं आणि ते वाचून राहवेना म्हणून लिहायला बसले. मी सॅन होजेला ११ वर्षं राहते. ह्याच एका समजुतीपायी मी २ कढीपत्ते आणि १ पपई मारलीये.

माहेर निफाडकडचं, द्राक्षबागेतलं. पारा ५-६ अंशांवर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, मणी तडकू नयेत म्हणून ड्रिप सोडायचं, हे लहानपणापासून बघितलेलं. म्हणून इथे आल्यावर वाटलं की थंडी म्हणजे काय ते आपल्याला कोण शिकवणार! रात्रीचं तापमान तर निफाडसारखंच, जानेवारीत ५-६ अंश, क्वचित शून्याच्या खाली. पण दिवस बघा ना. पुण्यात जानेवारीत पहाटे कितीही कुडकुडलात तरी दुपारी ३० अंशांच्या आसपास जातं, निफाडलाही दुपारी स्वेटर निघतोच. इथे दुपारीही १५. सूर्य बारा वाजता पण कलंडलेला, शेजारच्यांच्या घराची सावली माझ्या अर्ध्या अंगणावर दिवसभर पडलेली. एकदा गंमत म्हणून दही लावायचं थर्मामीटर कढीपत्त्याच्या बुडाशी मातीत खुपसलं, भर दुपारी १० अंश! तीच माती, तेच झाड फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं, तेही दोन-अडीच महिने.

आणि दुसरी गोष्ट, जी कुणीच सांगत नाही, पाऊस इथे हिवाळ्यात पडतो. वर्षाचा मिळून १५ इंच, पण जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर ठणठणीत कोरडं. म्हणजे आपल्या झाडांच्या दृष्टीने मोसमच उलटा. कोकणात पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ उबदार हवेत येतो, झाड पाणी पिऊन तरारतं आणि थंडीत कोरड्या जमिनीत निवांत बसतं. इथे नेमकं झोपायच्या वेळेला त्याचे पाय गार चिखलात.

पहिला कढीपत्ता कसा गेला ते सांगते, कारण हीच चूक अजून दहा जणांच्या घरी होताना बघितलीये. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळायला लागली. मी काय करावं, पाणी वाढवलं! वरून पाऊस चालू होताच, त्यात खतही घातलं, शेणखत मिळत नाही म्हणून दुकानातलं पिशवीतलं. फेब्रुवारीत नुसती काडी उरली तेव्हा उपटलं तर मुळांना कुजलेल्या बटाट्यासारखा वास, आणि मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात यायची, आत नुसता दोरा. दुसरा कढीपत्ता बहुधा मेलाच नव्हता. थंडीत सगळी पानं टाकून झोपला होता, पण मार्च संपला तरी काही हालचाल नाही म्हणून मी उपटून फेकला. आता कळतं की नखाने साल जराशी खरवडून बघायची, खाली हिरवं दिसलं तर जिवंत आहे, आपण गप्प बसायचं. माझ्या तिसऱ्याला फूट एप्रिल संपता संपता आली, आणि आली ती अशी की जूनमध्ये शेजारच्या गुजराती काकूंनाही जुड्या दिल्या.

हा तिसरा जगला तो कौतुकाने नाही. दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून फूटभर उंच वरंबा केला, त्यात खडी आणि वाळू मिसळली, वर छपराची वळचण येते त्यामुळे पावसाचं पाणी थेट बुडात पडत नाही. दिवसभर भिंत तापते आणि रात्री थोडी ऊब सोडते. नोव्हेंबरपासून पाणी जवळजवळ बंद, खत पूर्ण बंद. फ्रॉस्ट (दव गोठणं) पडायच्या रात्री ओळखता येतात, आभाळ निरभ्र आणि वारा अजिबात नाही. त्या रात्री जुनी चादर काठ्यांवर टाकायची, पानांना टेकू द्यायची नाही, आणि प्लॅस्टिक तर नकोच, जिथे टेकतं तिथे पान करपतं. लोक ख्रिसमसच्या माळा गुंडाळतात ते बरोबर आहे पण जुन्या गरम होणाऱ्या बल्बच्या माळा हव्यात, एलइडीने नुसती शोभा. (नवरा म्हणतो, निफाडच्या शेकोट्यांचं हे सॅन होजे एडिशन.)

केळीचं त्यामानाने सोपं. पानं फ्रॉस्टने काळी पडतात, ती लगेच कापायची नाहीत, तीच आतल्या कोंबावर पांघरूण होतात, कंद जमिनीत जिवंत असला की पुन्हा पोगा निघतो. घड मात्र आपल्याकडच्या वेळापत्रकाने येत नाही, १४ अंशांच्या खाली केळ वाढतच नाही, म्हणजे हिवाळाभर सुट्टी. पपई मी सोडून दिली, ओल्या गार मातीत ती बुडातून सडतेच. हळद मार्चमध्ये घरात कुंडीत लावून नंतर बाहेर ठेवते, गणपतीत पातोळ्यांना पानं पुरतात, बास.

आंब्यावर वेगळं पत्र होईल. माझं मनिला जातीचं झाड आहे, इथल्या नर्सरीत तेच सगळीकडे दिसतं. फेब्रुवारीत मोहोर येतो आणि त्याच वेळी पाऊस, मग भुरी आणि करपा, मोहोर काळा. जुने लावणारे सांगतात की पहिला मोहोर खुडून टाका, म्हणजे ऊब आल्यावर दुसरा फुटतो. संपादकसाहेब, आंब्याचा मोहोर स्वतःच्या हाताने खुडायचा! पहिल्या वर्षी हिंमतच झाली नाही, एकही कैरी धरली नाही. दुसऱ्या वर्षी खुडला.

आता ज्यासाठी खरं लिहायला घेतलं ते. लेखात एका बाईंनी बॅगेतून कढीपत्त्याचं रोप कसं आणलं ते कौतुकाने छापलंय. प्लीज हे छापू नका. भारतातून रोपच काय, ताजी पानंसुद्धा बॅगेतून आणायला अमेरिकेत बंदी आहे, आणि ती उगाच नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला, त्याच्यावर सिट्रस सायला नावाचा बारीक किडा बसतो आणि तो संत्र्या-लिंबांचा ग्रीनिंग रोग पसरवतो. विदर्भातल्या कुठल्याही संत्रा बागायतदाराला विचारा, सायला म्हणजे काय आणि ग्रीनिंग म्हणजे काय. कढीपत्त्याला स्वतःला ग्रीनिंग होत नाही पण किडा त्याच्यावर मजेत वाढतो आणि तिथून संत्र्यावर जातो. कॅलिफोर्नियात हा किडा २००८ साली सापडला, रोग २०१२ साली, एका घराच्या अंगणातल्या झाडावर, शेतात नाही, अंगणात! फ्लोरिडात २००५ ला रोग सापडल्यापासून संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांच्या वर घसरलंय, त्यात वादळांचाही हात आहे पण मुख्य हाच. म्हणून इथे बऱ्याच भागांत कढीपत्त्याचं रोप ह्या किडीपायी आखलेल्या क्वारंटाइनच्या हद्दीबाहेर न्यायलाही मनाई आहे, मैत्रिणीला वाढदिवसाला द्यायचं म्हणून गाडीत घालून नेतात ना, तेसुद्धा. लायसन्सवाल्या नर्सरीत टॅग लावलेलं रोप मिळतं. महाग पडतं, मान्य. हापूस बघा, तोही २००७ पासून विकिरण करून (किरणांनी कीड निकामी करून) रीतसर येतो इथे, त्याला कुणी साडीत गुंडाळून आणत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी निदान चार ओळींचा खुलासा टाका, बॅगेतल्या रोपाबद्दल. पुण्याच्या हवेबद्दल नाही टाकलात तरी चालेल, ते ज्याचं त्याला पहिल्या हिवाळ्यात कळतं. आणि हो, मोहोर खुडल्यावर गेल्या वर्षी ३ कैऱ्या धरल्या. दोन खारींनी नेल्या, एक पाडाला आली तेव्हा आम्ही चौघांनी फोड फोड खाल्ली, आंबट होती.

आपली एक वाचक,
सॅन होजे, कॅलिफोर्निया (मूळ निफाड)