दादाच्या पापण्या

दारव्हा, जि. यवतमाळ

सुध्या,

दिवाळीपासून तुझे चार फोन आले, मी एकही उचलला नाही. तुझ्याशी बोलायला तोंडच नव्हतं.

पिंकीच्या लग्नात तू मला मांडवामागे ओढून म्हणाला होतास, "दादाच्या पापण्या काहून पिवळ्या दिसून राहिल्या बे? कोणाले दाखवलं का?" आणि मी म्हटलं, पुण्याला जाऊन डॉक्टर झाला का तू! मग किती जुंपली आपली. तुझंच बरोबर होतं रे.

वर्षभर आम्ही ते कोलेस्टेरॉलच धरून बसलो. एका दवाखान्यात जाळून घेतलं, चार महिन्यांत दुप्पट आलं. वेचणीच्या दिवसांत दादा एका हातानं पापणी वर धरून काट्यावरचा आकडा वाचायचा. म्हणायचा, "नवरीचा पदर उचलून राहिलो." रात्री त्याला दम लागायचा. दम्याचा डॉक्टर वेगळा, डोळ्यांचा वेगळा. एकाचं दुसऱ्याला आम्ही कधी सांगितलंच नाही.

नागपूरच्या मॅडमनी आधी तेच विचारलं, दमा कधीपासून? दादा म्हणाला, डोळे सुजले त्याच साली. पापणीचा तुकडा तपासला, त्यात फेसाळ पेशी निघाल्या. हिस्टिओसाइट म्हणजे शरीरातली कचरा गिळणारी पेशी. तीच चरबी गिळून पापणीत ठिय्या देते. या रोगाचं नाव झँथोग्रॅन्युलोमा. मोठ्या वयात होणारा, दम्यासोबत येणारा एक प्रकार आहे त्याचा, दादाचा तोच.

पण याचे भाऊबंद वाईट. एकात रक्तातली प्रथिनं बिघडतात. दुसरा एर्डहाइम-चेस्टर, 1930 सालापासून माहीत असलेला. तो पायांची हाडं धरतो, हृदय-किडनीपर्यंत जातो. म्हणून गुडघ्यांचे एक्स-रे काढले. दादाचे गुडघे तर दहा वर्षांपासून दुखतात! रिपोर्ट येईपर्यंत तो उठताना कण्हला की माझ्या पोटात गोळा यायचा. एक्स-रे साफ आले. रक्तही.

आता स्टेरॉइड कमी करत आणलं, मेथोट्रेक्सेट, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, सुरू आहे. ती गोळी आठवड्यातून एकदाच; चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते. वहिनीनं कॅलेंडरच्या प्रत्येक रविवारावर कुंकवाचं बोट लावून ठेवलंय. सूज उतरतेय, पण हा रोग परत येऊ शकतो. रुग्णच इतके थोडे की ठरलेला एकच इलाज नाही. आणि ते गेलेलं वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी शुगर ठीक. तुझ्या बदलीचं काय झालं? पोरीचा निकाल कळव.

दादा रोज विचारतो, "सुध्याले कळवलं का?" हे पत्र टाकलं की हो म्हणेन.

तुझा,
गजू