बाबांच्या मँडोलिनसाठी

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, हा ब्राझीलचा मँडोलिनवादक जाकोब दु बांदोलिम पोटासाठी वाजवायचा का? नाही, आणि मला वाटतं त्याच्या वाजवण्यातला ताठा तिथूनच आला. जन्म रिओचा, १९१८ चा. सोळाव्या वर्षी, १९३४ साली रेडिओ ग्वानाबाराची स्पर्धा जिंकला, पण रेडिओवर घर चालेना. विमा विकून पाहिला, मग परीक्षा देऊन कोर्टात कारकून म्हणून लागला. पगार ठरलेला असल्यामुळे न आवडणारी गाणी वाजवायची सक्ती उरली नाही. स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड १९४७ ची, कॉन्टिनेंटल कंपनीची. १९४९ पासून आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी.

आता तुमच्या अडचणीकडे येते. जाकोबचं 'नोइतेस कारिओकास' तुमच्या हातून लंगडतं, कारण डावा हात नीट चालतो आणि उजवा थांबतो. शोरोत, म्हणजे तो वाजवायचा त्या ब्राझिलियन वाद्यसंगीतात, मात्रेचे चार भाग धरा. नेहमीचा ठेका त्यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या भागावर स्वर ठेवतो. पहिला खाली, दुसरा वर, तिसऱ्याला हात हवेतूनच खाली न्यायचा, चौथा पुन्हा वर. तो हवेतला घाव तुम्ही गाळता, म्हणून पुढचा स्वर लवकर येतो. आधी सगळ्या तारा दाबून ठेवून नुसता खटखट आवाज काढत हेच करा, मेट्रोनोम साठवर ठेवून. मनगट सैल ठेवा, कोपर हलवू नका.

दुसरं म्हणजे थरथर. छेडलेला स्वर विरतो म्हणून इटालियन पद्धतीत सतत ट्रेमोलो करतात, म्हणजे तोच स्वर भराभर छेडत राहतात. जाकोब तो जपून वापरायचा. लांब स्वर तो एकदाच स्वच्छ छेडायचा, किंवा खालून घसरत त्यावर यायचा. आई, तुझ्या कानाला ही मींड लगेच कळेल. इतकी लांब नसते, एकदोन पडद्यांचीच, पण जागा अचूक. त्याच्या 'दोसे दे कोको'त ती ऐक.

तारा आठ, पण जोड्या चार, आणि सूर पाश्चात्त्य व्हायोलिनचेच: जी, डी, ए, ई. जोडीतल्या दोन तारांत केसभर फरक राहिला तरी ऐकणाऱ्याला वाद्यच फुटल्यासारखं वाटतं. एक तार बोटाने बंद करून दुसरी लावा, मग पहिली तिच्याशी मिळवा. सूर नेहमी खालून वर चढवत लावा. वरून उतरवलात तर खुंटीतला ढिलेपणा नंतर सूर आणखी पाडतो. तारा बदलताना एकेकच काढा. तुमच्या मँडोलिनची घोडी चिकटवलेली नाही, सगळ्या तारा एकदम सोडल्यात तर ती सरकेल. सरकलीच, तर बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच जागचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) जुळेपर्यंत घोडी हलवा. दाबलेला चढा असेल तर घोडी पुच्छाकडे न्यायची, उतरा असेल तर पडद्यांकडे.

ऐकण्याबाबत सांगते. १९६४ साली रादामेस न्यातालि यांची 'रेत्रातोस' ही चार भागांची रचना जाकोबने वाद्यवृंदासह रेकॉर्ड केली. एकेक भाग पिशिंगिन्या, नाझारेत, आनाक्लेतो दि मेदेइरोस आणि शिकिन्या गोंझागा या ब्राझिलियन संगीतकारांवर. कानाने वाजवणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या नोटेशनची ही मोठी परीक्षा होती. मला मात्र जाकोबची १९६७ ची 'विब्रासोएस' ही रेकॉर्ड जास्त आवडते. तिथे साथीला त्याचाच 'एपोका दि ओउरो' संच आहे. तालमींच्या बाबतीत तो फार कडक, आणि ते ऐकू येतं: दिनोच्या सात तारांच्या गिटारची खालची चाल मँडोलिनच्या श्वासात शिरते, अंगावर कधीच येत नाही. पहिल्यांदा मँडोलिन सोडून फक्त ती चाल ऐका.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये तो पिशिंगिन्याला भेटून घरी परतला आणि हृदयविकाराने गेला. वय एक्कावन्न.

बाबा, बोटं दुखत असतील तर पातळ तारांचा संच पाठवते, पण त्याने घोडीची उंची थोडी बदलावी लागेल. तोपर्यंत वीस मिनिटांहून जास्त एका बैठकीत नको.

तुमची,
मनू